फाटकापर्यंत

"इंग्रजी शिकली म्हंते, पण पोरगी तोंड तं उघडतच नाई. मंग त्या इंग्रजीचं काय लोणचं घालाचं, बाई?"

शेजारच्या गिरजाबाई मागच्या अंगणात लाखोरीची डाळ पाखडता पाखडता आईला हे म्हणाल्या. मी आत खिडकीखाली जमिनीवर बसून मामाच्या संघाच्या पायपट्ट्या गुंडाळत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुपाचा आवाज क्षणभर थांबला. "बोलन नं," आई म्हणाली. "वेळ आली का बोलन. घाई काय हाय?" आणि सूप पुन्हा चालू झालं. मी पट्टीचं टोक दातात धरून घट्ट ओढलं. वेळ त्यानंतर महिनाभरातच आली, दोनदा आली. एकदा मी बोलले नाही, आणि एकदा बोलले ते न बोलण्याहून वाईट होतं.

आम्ही तेव्हा घुग्घुसला, कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत राहत होतो. गडचिरोली त्या वेळी वेगळा जिल्हा नव्हता आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणायचे. बाबा खाणीच्या हपिसात बडेबाबू होते. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात पेरूचं एक झाड, आणि ह्या सगळ्यावर काळी, बारीक धूळ. आई सकाळी उठली की आधी पाण्याच्या घागरीवरचं झाकण पुसायची, मग देव. दिवसातून तीनदा पाळी बदलल्याचा भोंगा व्हायचा आणि घर त्याच्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला बाबांचं जेवून हात धुणं, तिसऱ्याला निजानीज. मधल्या वेळात कोळशाच्या डब्यांचा रुळांवरून खडखडाट चालू असायचा. तो आम्हाला ऐकूच येत नसे. थांबला की मात्र बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, कारण थांबणं म्हणजे खाली काहीतरी झालं. आई ब्रह्मपुरीकडची, धानाच्या मुलखातली. दोन्ही वेळा भात, लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची उसळ. आजोळहून कुणी आलं की वैनगंगेची सुकवलेली मासोळी फडक्यात बांधून यायची. बाबांना तो वास चालत नसे, म्हणून आई ती अंगणात वेगळ्या चुलीवर शिजवायची, माझ्यासाठी आणि मामासाठी. चुलीशेजारी पाटावर बसून आम्ही दोघं खायचो. मामा काटे काढून माझ्या ताटलीच्या कडेला ओळीनं लावून ठेवायचा आणि म्हणायचा, "मोज बरं, किती गडी झाले? अकरा झाले का उठू."

मी नागपूरला नन्सच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले होते. बाबांचा तो हट्ट होता. शाळेत चुकून मराठी बोललं की दिवसभर गळ्यात लाकडाची चकती घालून फिरावं लागे. सुटीत घरी आलं की माझं पुस्तकी मराठी ऐकून मावश्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मी दोन्हीकडं गप्प राहायला शिकले. गप्प माणसाला पुष्कळ दिसतं, हे खरं. पण दिसलेलं कुणाला सांगायची सवयच राहत नाही. ती सवय मला फार उशिरा लागली. हे लिहितानाही मी दोनदा पानं फाडली आहेत.

मामाचं नाव दौलत. आईहून सहा वर्षांनी लहान. ब्रह्मपुरीला धान कापून झालेल्या बांधीत, धसकटांवर अनवाणी, चिंध्यांच्या चेंडूनं तो फुटबॉल खेळायला शिकला. पुढं नागपुरात एका गिरणीच्या संघात आठ वर्षं डावा बॅक होता. बॅक म्हणजे मागं राहून आपला गोल राखणारा. मामाच्या नावावर सबंध आयुष्यात एकही गोल नव्हता, आणि ह्याचा त्याला अभिमान होता. "गोल करणाऱ्याले लोक खांद्यावर घेते," तो म्हणायचा, "बॅकले कोणी खांद्यावर घेत नाई. बॅक चांगला असला का तो हाय हे कोणाले आठवतही नाई." एकदा संघाबरोबर तो कलकत्त्याला जाऊन आला होता. तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्राचं एक कात्रण त्याच्या ट्रंकेत होतं, ते दरवर्षी सुटीत तो मला वाचायला लावायचा. सामना ते हरले होते आणि मामाचं नावही चुकीचं छापलं होतं, पण शेवटच्या ओळीत डाव्या बॅकला खंबीर म्हटलं होतं. तेवढा शब्द मी आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचायचे. तो मान हलवायचा आणि कात्रण पुन्हा घडीवर घडी घालून ठेवायचा. पुढच्याच वर्षी त्याचा गुडघा गेला. पाय जमिनीत रुतून राहिला आणि अंग फिरलं, एवढंच तो सांगे. उठता बसता त्या गुडघ्यातून 'कट्' असा आवाज यायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "दौलत आला."

बाबांनी नाखुशीनंच शब्द टाकून त्याला खाणीत लावलं होतं, दिवेघरात. खाली उतरणाऱ्या माणसाला तिथून दिवा घ्यावा लागे, वर आल्यावर परत करावा लागे. मामा खिडकीतून दिवे द्यायचा आणि समोरच्या माणसाची चाल पाहायचा. वळताना कोण कसं वळतो, गर्दीत कोण धक्का न लावता निघतो, ह्यावरून त्यानं खाणीचा संघ उभा केला. कुणी सिरोंच्याकडचा तेलुगू बोलणारा, कुणी वर्धेकाठचा, कुणी जंगलातल्या गावातून आलेला. पाळी संपली की सगळे कोळशाच्या ढिगामागच्या काळ्या मैदानावर. तिथं मामा लंगडत ओरडायचा आणि मी पाण्याची बादली आणि पट्ट्यांची टोपली घेऊन बांधावर बसायचे. कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडायचं.

"पाय नको पाहू बे! पाय खोटं बोलते. पोट पाह्य. पोट जिकडं जाईन, मानूस तिकडं जाईन."

हे तो सगळ्यात जास्त लालसूला सांगायचा. लालसू मडावी अहेरीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा, मामाचा डावा बॅक. हसायचा फार, बोलायचा कमी. त्याच्या पायाची बोटं पंज्यासारखी पसरट होती. उभा राहिला की जमीन धरून उभा आहे असं वाटे. मामा म्हणायचा, "ह्याले मी काईच शिकवलं नाई. ह्याच्या पायाले डोळे हाय." आणखी एक गोष्ट मामा सांगायचा, ती मला तेव्हा फक्त खेळातली वाटली. पुढचा गडी चुकला आणि बाकीचे त्याच्यावर ओरडायला लागले की मामा शिट्टी मारून खेळ थांबवायचा. "बोंबलता काऊन? जो चुकला त्याले मालूमच असते. मांगच्यानं बोलाचं नाई. त्याची जागा भराची, बस."

आदल्या वर्षी हा संघ चांद्याच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत गेला होता. अनवाणी. घोट्याला पट्टी बांधून. खाणीचा मॅनेजर, गोरा साहेब, खूश होऊन म्हणाला होता की पुढच्या वर्षी कप आणला तर दौलतला दिवेघरातून काढून कायमचा मैदानावर ठेवू, खेळाचा मास्तर म्हणून. मामानं ते वर्षभर उराशी धरलं होतं. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायचा, "मास्तर होऊ दे, मंग पाहू." गुडघा गेल्यावर जगात त्याचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

जानेवारी सरता सरता चांद्याहून स्पर्धेचं पत्र आलं, इंग्रजीत. मामानं ते थेट माझ्याकडं आणलं. ह्या वर्षीपासून प्रत्येक खेळाडूला बूट सक्तीचे होते. ज्या संघांना अनवाणी खेळायचं असेल त्यांनी आपल्या क्लबच्या अध्यक्षाच्या सहीचं पत्र अमुक शनिवारपर्यंत पोचवावं, म्हणजे ह्या वर्षापुरती सूट मिळेल. मामानं मला ते तीनदा वाचायला लावलं.

"बूट वाईट नाई," तो म्हणाला. "शिकवतो मी बूट. पण बुटात चालाले शिकाले एक साल लागते. पुढच्या साली घालू. यंदा पट्टीवर खेळू दे म्हणाव. लिव."

मी लिहिलं. नन्सनी गिरवून घेतलेल्या अक्षरात, समास सोडून. मामानं ओळींवरून न टेकवता बोट फिरवलं. "मोत्यावानी हाय." साहेब त्या महिन्यात कलकत्त्याला गेला होता, पण क्लबची अध्यक्ष त्याची मेमच होती. बाबा मध्ये पडणार नव्हते. "फुटबॉलनं तुझा गुडघा नेला, आता माझी नोकरी न्यायला निघालास का?" असं ते म्हणून चुकले होते. मामाला इंग्रजी येत नव्हतं. तो माझ्याकडं पाहून म्हणाला, "तूच जा, निमा. तू दोन शब्द बोलशीन तं मॅडम ऐकन. सही झाली का त्यायच्याच टपालात टाकाले सांग."

गुरुवारी दुपारी मी गेले. आईची पांढरी, निळ्या काठांची साडी नेसून, पत्र वहीत घालून. बंगला टेकाडावर होता. समोर लोखंडी फाटक, हिरव्या रंगाचं. चौकीदार म्हणाला, "जाओ बिटिया, मेमसाब बैठी हैं." व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या आणि तीनचार पाहुणे होते, नागपूरहून आलेले असावेत. मेमबाई वाईट नव्हती. पण त्याच नाताळात तिनं वसाहतीतल्या मुलांना बोलावलं होतं आणि मला सगळ्यांपुढं उभं करून एक कविता म्हणायला लावली होती. मी अगदी नन्ससारखी बोलते, ह्याची पाहुण्यांना गंमत वाटली. ते हसले, टाळ्याही वाजवल्या. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मी घरी येऊन दोन दिवस ताप आल्यासारखी पडून होते.

फाटकाच्या कडीवर माझा हात होता. मेमबाईनं मला पाहिलं, पाहुण्यांकडं वळली आणि आनंदानं म्हणाली, ही बघा आली आमची छोटी नन, थांबा, आता तिला बोलती करते.

एवढंच. माझ्याविषयी प्रेमानंच म्हणाली असेल. मी कडी सोडली. चौकीदार म्हणाला, "क्या हुआ?" मी "कुछ नहीं" म्हणाले आणि उतरणीनं चालू लागले. घराकडं गेले नाही. नाल्याच्या बाजूनं, पळसांमधून लांबचा वळसा घेतला, म्हणजे जाऊन यायला लागेल तेवढा वेळ जाईल. बोटाला फाटकाच्या रंगाचा हिरवा कपचा चिकटला होता. तो मी नखानं खरवडत राहिले. उद्या सकाळी जाईन, पाहुणे नसतील तेव्हा, असं मी स्वतःशी ठरवलं, आणि खरंच ठरवलं होतं.

मामा अंगणात बाजेवर बसून गुडघ्याला मोहाच्या बियांचं तेल चोळत होता.

"देली?"

"दिली."

"काय म्हणली मॅडम?"

एका शब्दावर सुटेन असं मला वाटलं होतं. "बरं म्हणाली," मी म्हणाले.

मामा त्या दुखऱ्या गुडघ्यावरच उठला. "बाई!" त्यानं आईला हाक मारली, "मासोळी काढ आज. मास्तर झालो समज!" त्या संध्याकाळी त्यानं माझ्या ताटलीच्या कडेला अकरा काटे लावले. मी नुसता भात चिवडत होते. त्याला वाटलं, बंगल्यावर जाऊन आल्यामुळं मी अजून घाबरलेली आहे. "पाह्य, गेली नं? काई खाल्लं का त्यायनं तुले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा बंगल्याची मोटार धूळ उडवत समोरून गेली. पाहुण्यांबरोबर मेमबाई नागपूरला गेली होती, चारपाच दिवसांसाठी. शनिवार आला आणि गेला. पत्र माझ्या ट्रंकेत, शाळेच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं. मी रोज मामाला सांगायचं ठरवत होते आणि रोज पट्ट्या धुऊन वाळत घालत होते. चांद्याला एवढे नियम कोण पाहतो, असं मी मनाला समजावलं. आज इतक्या वर्षांनी मला त्या फाटकाचं फारसं काही वाटत नाही. सतरा वर्षांची मुलगी लाजून परत फिरू शकते. ते पुढचे दहा दिवस मात्र मला अजून उलगडत नाहीत. माणूस दहा दिवस रोज त्याच माणसाच्या शेजारी बसून जेवतो आणि सांगत नाही, हे कसं जमतं?

सामन्याला त्या वर्षी वसाहतीतल्या बायकांनाही नेलं. खाणीचा ट्रक होता, पुढं आम्ही, मागं खेळाडू. रस्ताभर त्यांची गाणी चालली होती, लालसू गोंडीत काहीतरी म्हणायचा आणि बाकीचे न समजताच सूर ओढायचे. चांद्याच्या परकोटाच्या भिंतीजवळ मैदान होतं. बायकांसाठी एका कडेला कनात लावली होती. कनातीच्या पलीकडंच मेज टाकून स्पर्धेचे लोक बसले होते. त्यातल्या एकानं मामाकडं अध्यक्षाचं पत्र मागितलं.

"आलं असन, पाहा ना भाऊ," मामा म्हणाला. आवाजात काळजीचा लवलेशही नव्हता. "मॅडमनं धाडलं. माह्या भाचीनं सोता बंगल्यावर नेऊन देलं. मॅट्रिक हाय, इंग्रजीतून."

त्यांनी कागद चाळले. पुन्हा चाळले. मी कनातीच्या आत हातभर अंतरावर बसले होते. माझ्या शेजारी आई. गिरजाबाई शेंगा सोलत होत्या. मला पायाच्या अंगठ्याचं नख दिसत होतं, आणि त्या नखाकडं पाहत मी ते सगळं ऐकलं. "नाई आलं, मास्तर," तो माणूस शेवटी म्हणाला. "बूट घाला, नाई तं परत जा." मामानं आपल्या गड्यांच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मग म्हणाला, "बूट कुठी भेटन?"

दुसऱ्या एका संघानं आपली जुनी पेटी उघडून दिली. लहानमोठे, ओले होऊन वाळलेले, आकडा न पाहता वाटून घेतलेले बूट. ते घालून आमचे गडी मैदानात उतरले आणि लोक हसायला लागले. बगळ्यांसारखे पाय उचलून टाकत होते. लालसू कडेशी उभ्या मामाजवळ येऊन म्हणाला, "मामा, जमीन दिसत नाई." तेही मी ऐकलं. मामा म्हणाला, "हळू खेळ. मी हाय इथी."

पहिला गोल झाला तेव्हा लालसू नुसता घसरला होता. दुसऱ्या वेळी तो बरोबर जागी होता. त्यानं समोरच्याचं पोटच पाहिलं असणार, कारण चेंडू निघायच्या आधीच तो वळला. पण बुटाखालचे खिळे जमिनीत रुतले. पाय तिथंच राहिला आणि अंग फिरलं. आवाज आमच्यापर्यंत आला नाही, पण मामानं कानांवर हात ठेवलेले मला दिसले.

ट्रक परतताना कुणी गायलं नाही. लालसूला मागं घोंगडीवर निजवलं होतं आणि त्याचा पाय मामाच्या मांडीवर होता.

साहेब परत आल्यावर आठवड्याभरात मामाला हपिसात बोलावणं आलं. साहेबाला मोडकंतोडकं हिंदी यायचं, पण रागात तो इंग्रजीवरच जायचा. बाबा म्हणाले, मी मेहुण्याच्या आणि साहेबाच्या मध्ये उभा राहणार नाही. तेव्हा मेमबाईनंच सुचवलं की बडेबाबूंच्या मुलीला बोलवा, ती समजावून सांगेल. मी गेले. भिंतीवर खाणीचा नकाशा होता, टेबलाशेजारी मेमबाई विणत बसली होती. साहेबानं विचारलं, क्लबकडं पत्र का आलं नाही? मेमबाई म्हणाली, माझ्याकडं तर काहीच आलं नाही, कुणीच आलं नाही. फाटकात दिसलेली मी तिच्या ध्यानातही नव्हते. मी ते मामाला मराठीत सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. कुणीच आलं नाही.

मामानं माझ्याकडं पाहिलं. तोंडाकडं नाही. मी वही पोटाशी धरली होती, दोन्ही हातांनी, त्या हातांकडं पाहिलं. क्षणभरच. मग साहेबाकडं वळून तो म्हणाला, "साहेबाले सांग, चिठ्ठी लिवून घेतली होती. माह्याच खिशात राह्यली. मी विसरलो."

मी भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं.

"सांग नं, निमा," तो हळूच म्हणाला. "मी विसरलो म्हणाव."

आणि मी सांगितलं. स्वच्छ, न अडखळता, व्याकरणाची एकही चूक न करता. हे पत्र पाठवण्याची जबाबदारी त्यांची होती, ते विसरले, ह्याबद्दल त्यांना खेद आहे. खेद हा शब्द माझ्या पदरचा. मेमबाईनं विणकाम मांडीवर ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, किती सुरेख बोलते ही मुलगी, आणि मला वाटायचं हिला बोलताच येत नाही.

मामाकडून संघ काढून घेतला. नागपूरहून दुसरा मास्तर आला, बुटांची पेटी आली. मामा दिवेघरात दिवे देत राहिला, पण पूर्वीसारखी माणसांची चाल पाहायचा नाही, खिडकीत नुसता हात पुढं करायचा. लालसू बरा झाला तो लंगडतच. खाली उतरायला त्याला घेईनात, तेव्हा तो आपल्या गावाकडं गेला. जाताना आमच्या दारात आला होता. आईनं त्याला भात वाढला. जेवून उठताना त्याचा गुडघा वाजला तेव्हा आई आतून म्हणाली, "दौलत आला," आणि मग तिलाच समजलं की हा दौलत नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिले. होळीनंतर मामाही गेला, पार सिरोंच्याला, लाकडाच्या डेपोवर, सागाच्या ओंडक्यांवर हातोडीनं मार्का मारायच्या कामाला. माझ्याशी तो ह्यावर एक अक्षर बोलला नाही. मागच्यानं बोलायचं नसतं. निघताना त्यानं पट्ट्यांची टोपली माझ्याजवळ दिली आणि म्हणाला, "फडकी होतीन घरात, चांगलं सूत हाय."

आमच्या घरात मात्र मामाचं विसरणं ही एक गंमत होऊन बसली. भाजीत मीठ राहिलं की बाबा म्हणायचे, "दौलतनं केली वाटतं." मी दार लोटायचं विसरले की आई, "मामावर गेली." पाहुण्यांना सांगायचे, आमच्या मेहुण्यानं एक चिठ्ठी खिशात विसरून अख्खा संघ बुडवला. सगळे हसायचे. मी उठून पाणी आणायला जायचे. ज्या माणसाला कलकत्त्याच्या सामन्यातला प्रत्येक चेंडू आठवत होता, तो आमच्या कुळात विसराळू म्हणून राहिला, आणि हे दोन वर्षं चाललं.

मग माझं लग्न ठरलं. आमच्याकडं मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं तिचा मामा उभा राहतो. पहिलं आमंत्रण त्याला, आणि ते घरी जाऊन द्यायचं. आई आणि मी सिरोंच्याला निघालो. बल्लारपूर, आलापल्ली, पुढं सागवनातून दिवसभर मोटार, मध्ये एक मुक्काम. वाटेत अहेरीला मोटार थांबली तेव्हा मी लालसूच्या गावाचं नाव विचारावं म्हणून उतरले आणि पाय मोकळे करून परत चढले. सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू कानावर पडायला लागलं. मामाचं घर डेपोच्या मागं, एक खोली, कुडाची. दारातून गोदावरीचं वाळवंट दिसायचं. मामाच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं होतं. घरात चेंडू नव्हता. ट्रंक होती, त्यातलं कात्रण त्यानं मला काढून दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

त्यानं आमच्यासाठी मासोळी केली होती, शेजारच्या तेलुगू बाईनं शिकवलेली, चिंचेच्या कोळातली. आम्ही तिघं जमिनीवर बसलो. मामानं सवयीनं काटे काढले आणि माझ्या ताटलीच्या कडेला लावायला लागला. आईनं पत्रिका काढून त्याच्या हातात दिली, कुंकू लावलं.

"येशीन नं दौलत? पोरीच्या मांगं मामा पाह्यजे उभा."

"आता बाई, हे काय विचारणं झालं? तिच्या मांगं मी नाई तं कोण?" तो म्हणाला. हे बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. काटे लावणं चालूच होतं. सात झाले होते.

आई हसली. प्रवासानं थकली होती, भावाला पाहून सुखावली होती, तिच्या मनात काही नव्हतं. "तारीख तेवढी ध्यानात ठेवजो, बाप्पा. नाई तं विसरशीन त्या चिठ्ठीवानी."

मामाही हसला. "नाई विसरत," म्हणाला. "लिवून ठेवतो भितीवर."

ताटलीकडं पाहता पाहता मला मी दिसले, डोईला बाशिंग, समोर अंतरपाट, आणि मागं तो, दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता उभा. माझा हात थांबलेला मामानं पाहिला. त्याला कळलं असावं. "निमा, भात घे," तो घाईनं म्हणाला. "बाई, हिले भात वाढ." आईनं उलथनं उचललं. मी ताटलीवर हात आडवा धरला.

"आई," मी म्हणाले, "मामा नाई विसरला. चिठ्ठी माह्यापाशी होती. मी फाटकातूनच वापस आली."